नैसर्गिक घटकाची वाढीव उपस्थिती

कोणत्याही शहराची प्रगती त्याच्या नदीची रुंदी किती कमी झाली यावरून मोजावी, असे जाणकार म्हणतात. या मापाने पुणे पहिल्यापासूनच आघाडीवर आहे. मुठेला मात्र त्याचे कौतुक नव्हते. वर्षाचे आठ महिने ती आपल्या जागेवर हजर नसे आणि उरलेले चार महिने, खडकवासल्याचे दरवाजे उघडले की, कोणाला न विचारता येई. एखाद्या कारकुनाने अशी नोकरी केली असती तर त्याची चौकशी लागली असती. (नदीचीही लागली, पण ते नंतर.)

परदेशी सल्लागारांनी हे बरोबर हेरले. ते तीन दिवस नदीकाठच्या हॉटेलात राहिले, खिडकी एकदा उघडली, तत्काळ लावून घेतली आणि चारशे पानांचा अहवाल दिला. शनिवार पेठेच्या मागच्या अंगाला आजवर होते तरी काय? म्हशींचे गोठे, भंगाराचे ढीग, मांडवांचे बांबू, पाणीपुरीच्या गाड्या आणि मोटार ड्रायव्हिंग स्कूल. (निम्मे पुणे रिव्हर्स घ्यायला या नदीपात्रातच शिकले आहे.) अहवालाने या सर्वांची 'अल्प उत्पादक' अशी नोंद केली आणि त्या जागी एकवीस मजली चार काचेचे मनोरे सुचवले. त्यांत बँका, विमा कंपन्या आणि शेअर दलाल राहावयाचे होते. नाव ठेवले मुठातीर वित्तनगरी. मध्ये पूररेषा येत होती, पण रेषा ही पेन्सिलीने काढलेली असल्याने ती अडचण दुपारच्या चहापूर्वी सुटली.

या कामी ज्यांचे पुनर्वसन झाले त्यांत एक आवाजही होता. तो मांजरी गावच्या मच्छिंद्र घुलेचा. बावीस वर्षे तो धरणातून पाणी सोडले की उघड्या जीपमध्ये भोंगा घेऊन नदीपात्रातून फिरे आणि आठ शब्द ओरडे: "पाणी सोडलंय! गाड्या काढा! जनावरं काढा! वर या!" बावीस वर्षांत एक माणूस गेला नाही की एक म्हैस गेली नाही. गेली ती फक्त एक फियाट. तिचे मालक 'किती क्युसेक ते लेखी दाखवा' असे म्हणत थांबले होते. गाडी वाहून गेली, मालक झाडावर चढले, पण मुद्दा त्यांनी सोडला नाही.

वित्तनगरीने मच्छिंद्रला 'सूचना सहायक' नेमले आणि त्याच्या थोरल्या बहिणीला, मुक्ताबाईला, तळघर क्रमांक दोनमध्ये चहाचे कॅन्टीन दिले. आई गेल्यावर मच्छिंद्रला वाढवले ते याच बहिणीने, नदीपात्रातल्या टपरीच्या चहावर. तळघराला खिडकी नव्हती. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "मच्छ्या, टपरीवरनं नदी दिसायची रं. हितं भिंतीबिगर काय दिसत न्हाई. तू सांगशील तवाच मला कळंल."

"मी हाय की, आक्का," मच्छिंद्र म्हणाला.

पहिल्या पावसाळ्याच्या तोंडावर त्याला संवादप्रमुख पद्मजा मॅडमनी बोलावले. बाई स्वभावाने चांगल्या. कुणाचेही मन दुखावू नये म्हणून त्या आपल्या कुत्र्यालाही पूर्ण वाक्यात समज देत.

"घुले, आपण घोषणेत 'पाणी' म्हणता."

"पानीच असतंय, मॅडम."

"असेल हो. पण म्हणायचं कशाला? परवा आपण नुसतं माइक टेस्टिंग केलंत, तर दोन क्लायंट साइट व्हिजिट सोडून निघून गेले. फार निगेटिव्ह वाटतं."

मग सात सदस्यांची शब्दसमिती बसली. तिच्या अकरा बैठका झाल्या. (बटाटेवडे प्रत्येकी दोन. पाचव्या बैठकीपासून तीन.) 'पाणी', 'पूर' आणि 'धरण' पहिल्याच बैठकीत गळाले. 'बुडणे' या शब्दाला तर चारही मनोऱ्यांतल्या बँकांनी वेगवेगळी पत्रे लिहून हरकत घेतली. 'वर या' हे उद्धट ठरले, कारण वित्तनगरीत कोणी कोणाला वर ये म्हणत नाही, ज्याचा तो येतो. शेवटी मंजूर झालेला मजकूर असा:

"सन्माननीय भागधारकहो, आज संकुलाच्या प्राथमिक पातळीवर नैसर्गिक घटकाची वाढीव उपस्थिती अपेक्षित आहे. आपल्या वाहनाच्या स्थानाचा सोयीनुसार फेरविचार करावा. आपला दिवस प्रसन्न जावो."

मागे बासरी होती. जीप जाऊन बॅटरीवर चालणारी गाडी आली, आणि आवाजाची मर्यादा अशी ठरवली की कोणत्याही मनोऱ्यात चाललेली मीटिंग मोडू नये. मच्छिंद्रने मजकूर पाठ केला. त्याला त्यातले 'आज' आणि 'आपला' हे शब्द चांगले समजले.

ऑगस्टातल्या एका गुरुवारी सकाळी नऊ वाजता खडकवासल्याचे दरवाजे उघडले. मच्छिंद्रने बासरी लावली आणि मजकूर वाचला. परिणाम समाधानकारक होता. संकुलाच्या नोंदीनुसार अकराशे चाळीस जणांनी घोषणा ऐकली. एकशे चार जणांनी नाव कुठे नोंदवायचे ते विचारले. नऊ जण योगासनांच्या चटया घेऊन तळघरात उतरले. एका विमा अधिकाऱ्याने अल्पोपाहार आहे का, अशी पृच्छा केली. गाडी काढणारे: शून्य.

तिकडे नदीवरच्या पुलावर मात्र सकाळपासून रीघ लागली होती. पुणेकराला नदीचे वावडे आहे असे म्हणणाऱ्याने त्याला पुराच्या दिवशी पाहावे. घरात लग्न असले तरी तो अर्धा तास काढून पाणी बघून येतो. छत्र्या होत्या, भाजलेली कणसे होती, आणि फोन तर दोन हजार होते. "बांधलंय कुठे बघा! मी तेव्हाच म्हणालो होतो," असे प्रत्येक जण शेजारच्याला सांगत होता. (म्हणाला होता हे खरे आहे. घरी, जेवताना.)

मच्छिंद्रने मजकूर दुसऱ्यांदा वाचला. तेवढ्यात गढूळ पाणी तळघराच्या उतारावर आले आणि, वर्दळीच्या वेळी गाडी वळावी तसे, शांतपणे आत वळले. आक्का आत होती, भिंतीपलीकडे काही दिसत नसलेली, त्याच्या शब्दावर बसलेली. आणि तो तिला बासरी ऐकवत होता! त्याने कागद भिरकावला, सीटखाली लपवलेला जुना भोंगा काढला आणि बावीस वर्षांचा सगळा घसा पणाला लावला:

"पाणी सोडलंय! गाड्या काढा! जनावरं काढा! वर या!"

मनोऱ्यांत खिडक्या लागल्या. तीन कार्यालयांनी भाषेबद्दल तक्रार केली. पण तळघर दोनमध्ये मुक्ताबाईने ऐकता क्षणी गॅस बंद केला, पातेले कडेवर घेतले आणि "चला रं, वर चला, माझ्या भावाचा आवाज हाय!" म्हणत समोर दिसेल त्याला बाहेर हाकलले. ड्रायव्हर निघाले, सफाईवाल्या निघाल्या. चटयावाले चहा निघाला म्हणून मागोमाग निघाले. एकूण एकसष्ट माणसे वर आली. गाड्या राहिल्या. जिथे निम्मे पुणे रिव्हर्स घ्यायला शिकले तिथे रिव्हर्स घ्यायलाच जागा नव्हती.

मच्छिंद्र फुटपाथवर मटकन बसला. खरे सांगायचे तर तो रडत होता.

"आधी काय पुटपुटत हुतास रं?" मुक्ताबाई म्हणाली. "मला वाटलं, वर कुनाचं लगीन हाय."

यथावकाश चौकशी समिती बसली. तिने मुठेला विनापरवाना प्रवेशाबद्दल खडकवासल्याच्या पत्त्यावर नोटीस पाठवली. ती 'मालक घरी नाही' या शेऱ्यासह परत आली. सूचना सहायक घुले यांनी उच्चारलेल्या आठ शब्दांपैकी आठही नामंजूर असल्याने त्यांना निलंबित करण्यात आले. 'जनावरं' हा शब्द आपल्याला उद्देशून होता का, असा खुलासा एका बँकेने स्वतंत्रपणे मागितला.

एक प्रश्न राहिला. पाणी येत आहे हे वेळेत कोणालाच कसे कळले नाही? समितीने पुलाचे फोटो मागवले, तेव्हा ते दोन हजार जणांना सकाळपासून कळले होते असे निष्पन्न झाले. त्यांतल्या कित्येकांची मुले, सुना, जावई खाली त्याच मनोऱ्यांत कामाला होते. हातात फोन होताच. फक्त तो चित्रीकरणात गुंतलेला असल्यामुळे कोणालाही लावता आला नाही.

फोटोतल्यांची ओळख पटवायला निलंबित मच्छिंद्रलाच बोलावले. त्याने फोटो न्याहाळला आणि तिसऱ्या खांबापाशी बोट ठेवले. लाल छत्री, एका हातात कणीस, दुसऱ्यात फोन.

"ह्यास्नी वळखतो की. दर वर्सी हितंच हुबे असत्यात. लई चांगली मानसं. कदी कुनाच्या मधी पडत न्हाईत."

समितीने तसे लिहून घेतले. घाबरण्याचे कारण नाही, कारवाई वगैरे काही होणार नाही. वित्तनगरीच्या दुसऱ्या टप्प्यात पुलावर खुर्च्या टाकायच्या आहेत आणि पहिल्या रांगेचा मान तुमचा आहे. छत्री तेवढी तीच लाल आणा, म्हणजे ओळखू याल.