सासऱ्यांसाठी बिनविस्तवाची सिगरेट

"आई, तुम्ही काळजी करू नका, मी बघतो," एवढंच मी सासूबाईंना म्हणालो होतो.

माझ्या तोंडून हे वाक्य निघालं की माझी बायको मिहोको हातातलं काम टाकून माझ्याकडे बघायला लागते. मागे एकदा मी असंच गळक्या नळाचं 'बघितलं' होतं, तेव्हा शेजाऱ्यांच्या अंगणात बदकं पोहायची तेवढी बाकी राहिली होती. पण या वेळी मामला नळाचा नव्हता, सासऱ्यांचा होता.

मी घरजावई. आडनावसुद्धा इसोझाकी, म्हणजे सासऱ्यांचंच. एक बॅग घेऊन या घरात आलो, तेव्हा सगळे नातेवाईक मला असे न्याहाळत होते, जसा काही बाजारातून आणलेला मासा ताजा आहे का बघतायत. जेवणं झाल्यावर सासरे मला गॅलरीत घेऊन गेले, एक सिगरेट पुढे केली आणि म्हणाले, "इथून डोंगर बरा दिसतो." बास. पुढची सतरा-अठरा वर्षं आम्ही रोज तिथं उभे राहून ओढली आणि डोंगर बघितला. याहून जास्त बोललेलं मला आठवत नाही. पण त्या एका वाक्यानं मी या घरचा झालो, हे उपकार मी विसरणार नाही.

तर चार वर्षांपूर्वी ते गेले. दर वसंतात, हिगानच्या आठवड्यात, पितरांना भेटायला आम्ही टेकडीवरच्या देवळामागे घराण्याच्या थडग्यापाशी जातो, घरातल्या सगळ्यांच्या अस्थी त्यातच ठेवतात. दगड धुतो, फुलं ठेवतो, पुरण लावलेले भाताचे लाडू ठेवतो. मग सासूबाई पिशवीतून एक सिगरेट काढतात, मी ती पेटवून दगडाच्या कडेवर ठेवतो आणि वाऱ्यावर ती आपली आपण जळत राहते. राख होईपर्यंत सासूबाई समोर बसून असतात. "ओढली हो," म्हणतात आणि उठतात. वर्षभरातलं त्यांचं सगळ्यात मोठं काम ते.

या वर्षी कोरडा वारा सुटला, पलीकडच्या डोंगरावर वणवा लागला आणि देवळानं पाटी लावली : थडग्यांपाशी विस्तव पेटवू नये. सासूबाई पाटी वाचून घरी आल्या. त्या दिवशी मी भात तिसऱ्यांदा वाढून घेतला तरी त्यांनी टोमणा मारला नाही. तेव्हाच मी ओळखलं, काम गंभीर आहे. म्हणून म्हणालो, "मी बघतो."

आता माझ्याकडे सिगरेट तापवायचं एक जुनं यंत्र होतंच. त्याच्या मधोमध एक पातं असतं, ते तंबाखूच्या कांडीत घुसतं आणि आतून तिला शेकतं. विस्तव नाही, राख नाही. पण पात्याला तंबाखू चिकटून करपते, ते रोज पुसावं लागतं (म्हणे). माझ्या त्या यंत्राला करपलेल्या कणसासारखा वास येतो, असं मिहोकोचं मत. असलं यंत्र सासऱ्यांपुढे ठेवायचं? छे! मी सरळ नवीन, इंडक्शनवालं घेऊन आलो.

"इंडक्शन?" सासूबाई दचकल्या. "म्हणजे त्या मेल्या शेगडीसारखं? माझ्या एकाही जुन्या भांड्याला ती ओळख देत नाही!"

"तसंच, पण भांड्याऐवजी कांडी, आई. कांडीच्या आत पत्र्याची पट्टी असते. बाहेरून तार फिरवलेली असते, तिच्या जोरावर पट्टी एकटीच तापते. पातं नाही, पुसणं नाही, वास नाही."

"पण फायदा काय?" मिहोकोनं विचारलं.

"अगं, हेच फायदे!"

"फायदा बाबांना काय, ते विचारतेय मी. बाबा कधी काय पुसत होते?"

या प्रश्नाचं उत्तर दुकानातल्या मुलीनं मला दिलेलं नव्हतं. मी देवळात फोन लावला. भटजी म्हणाले, "विस्तव नाही म्हणता, तर... चालेल. असं विचारणारे तुम्ही पहिलेच."

मी नवं यंत्र नीट चालतंय ना, याची घरी खात्री केली. गाडीत केली. पायऱ्या चढण्याआधी परत केली. (खात्री फार छान लागत होती.)

वर पोचलो तर शेजारच्या थडग्यापाशी तेराउचीकाकू. त्यांचे यजमान यंत्रमागाच्या कारखान्यात सासऱ्यांचे साहेब. योगायोगानं थडगंही साहेबांना शेजारचंच मिळालं आणि सासऱ्यांच्या थडग्यापेक्षा हातभर उंच. काकू हातात सिगरेटचं पाकीट घेऊन पाटीकडे बघत हताश उभ्या होत्या. सासूबाईंच्या तोंडून गेलंच, "आमच्या जावयानं बिनविस्तवाचं आणलंय!"

"अगं बाई! नशीबवान आहात हो."

"छे छे, कसलं काय. आधी साहेबांना."

"नाही नाही, आधी तुमच्या ह्यांना."

"असं कसं! साहेब असताना हे आधी कसे ओढतील?"

अशी खेचाखेच बराच वेळ चालली. शेवटी साहेबच जिंकले, ते जिवंतपणीही हरत नसत. मी कांडी घातली, यंत्र साहेबांच्या दगडावर ठेवलं. तापल्याची खूण म्हणून ते थरथरतं, हे सांगायचं राहून गेलं. दगडावर घुर्रर्र आवाज झाला.

"अगं बाई, रागावले!" काकू दोन पावलं मागे.

"नाही हो काकू, तयार आहे म्हणतंय ते."

मग आम्ही सगळे हात जोडून बघत बसलो. कांडी होती तशीच. ना धूर, ना राख.

"ही जळत का नाही?" सासूबाई.

"आई, ही आपली आपण जळत नाही. कुणीतरी ओढायला लागतं." हा विचार मला आत्ताच सुचत होता.

"मग ओढ की! त्यांच्या वतीनं."

मी साहेबांसमोर मांडी घालून बसलो आणि झुरका घेतला. "असा भसाभसा नाही," काकू म्हणाल्या, "हे सावकाश ओढायचे." मी सावकाश ओढली. "मध्ये खाकरायचे." मी खाकरलो. "आणि एकीवर भागायचं नाही हो त्यांचं." मी दुसरी घातली. काकू खूश झाल्या, मी हिरवा झालो.

मग आमच्या दगडाकडे वळलो. कांडी घातली, बटण दाबलं. यंत्रावर लाल दिवा लागला आणि विझला. परत दाबलं. काहीच नाही. माझ्या खात्र्यांनी आणि साहेबांनी मिळून बॅटरी संपवली होती.

"संपली का?" सासूबाईंनी विचारलं. मग पदर सारखा करावा तशी त्यांनी शाल सारखी केली आणि हळू म्हणाल्या, "असू दे. साहेबांचं झालं ना? ह्यांना सवय आहे."

भूमी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. ज्या माणसानं मला घर दिलं, त्याला वर्षातली एक सिगरेट मला देता आली नाही.

तेवढ्यात मिहोकोनं पर्स उघडली. आत माझं जुनं, न पुसलेलं यंत्र, त्याच्या कांड्या, आणि बॅटरी गच्च भरलेली. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. एरवी या तीन शब्दांनी माझं डोकं फिरतं. त्या दिवशी तिच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं मी.

मी सासऱ्यांच्या वतीनं झुरका घेतला. करपट, जळका वास त्या स्वच्छ हवेत पसरला. माझीच मला लाज वाटली. पण सासूबाई एकदम पुढे सरकल्या.

"हाच," त्या म्हणाल्या. "गॅलरीतून आत आले की सदऱ्याला हाच वास. किती बोलले रे मी त्यावरून." आणि रडायला लागल्या. मग मिहोको रडली. मी ओढत होतो, खोकत होतो आणि रडतही होतो, कारण मलाही सासऱ्यांची फार आठवण येत होती.

तेराउचीकाकूंनी नाक वर करून हुंगलं. "याला वास येतो की! मघाची ती मेली बिनवासाची, साहेबांपर्यंत पोचली तरी असेल का? जरा इकडे—"

"काकू, थांबा," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आत्ता हे ओढतायत."

जन्मात पहिल्यांदा साहेब थांबले. कांडी संपली. मग सासूबाई म्हणाल्या, "ओढली हो," आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "बरं केलंस रे."

उतरताना मी म्हणालो, "आई, उद्या मीही याच थडग्यात येणार. माझ्यासाठी कोण ओढेल?"

"मी असेनच ना तोवर आत," सासूबाई मायेनं म्हणाल्या. "ह्यांना सांगेन, दोन झुरके जावयालाही ठेवा."

मी डोळे पुसले. इतकं प्रेम माझ्यावर माझ्या आईनंही केलं नसेल.

"आई, काहीतरीच काय!" मिहोको म्हणाली. "तिथं गेल्यावर तरी सिगरेट सुटू दे यांची."

सासूबाईंनी दोन पायऱ्या विचार केला.

"तेही खरंच," त्या म्हणाल्या. "मग ह्यांना सांगेन, जावयानं सोडली. त्याची पण तुम्हीच ओढा."