स्वतःच दिलेला दाखला

इशिता चालायला लागली, हे कावेरीला फोनवर कळलं, आणि त्याच संध्याकाळी टॅबवर नातीच्या व्हिडिओऐवजी इशाऱ्याचं लाल पान उघडलं.

मुलगा सर्वेश पुण्यात. पोरीचे फोटो परक्या कंपनीकडे ठेवायचे नाहीत, हा त्याचा हट्ट. म्हणून त्याने कोकणात कसालच्या घरी फडताळात छोटी मशीन बसवली होती. तो तिकडून व्हिडिओ पाठवी, आजी-आजोबा इकडे बघत. मशीन आपलीच आहे, हे टॅबला तिच्यातल्या एका डिजिटल दाखल्यावरून कळे.

"दाखल्याची मुदत संपली, म्हणता ह्या," कावेरीचा नवरा विश्राम फोनवर सर्वेशला म्हणाला. "दाखलो दिल्यान कोणी?"

"मीच, बाबा."

"सही?"

"माजीच."

"कोणाक?"

"माज्याच मशीनीक."

विश्रामचा जन्म तहसील कचेरीत दाखले देण्यात गेला होता. तो हादरलाच. "असो अर्ज मी टेबलावरसून परत धाडलो असतंय!"

"इशारो सोडा, फुडे जावा असा बटण आसा, ता दाबा."

"मुदत संपलेल्या दाखल्यार मी कधी फुडे गेलंय नाय."

"अवो, दाबा मा!" कावेरी कळवळली. "पोर चालता थंय!"

विश्राम बधला नाही. शेवटी सर्वेशने मशीनला नवा दाखला करायला लावणारी आज्ञा फोनवरून सांगायला घेतली. विश्राम एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप करत होता. मशीनने देश विचारला, राज्य विचारलं. मग 'कॉमन नेम' विचारलं, आणि नेमकी रेंज गेली. विश्रामने विचार केला आणि गावात सगळे ज्या नावाने हाक मारत, ते टाकलं: विशो.

टॅबवर नवं लाल पान आलं. दाखला मशीनचा नसून कुणा विशोचा आहे, असं त्यात होतं.

"खरा ताच बोलता," कावेरी म्हणाली.

चूक दुरुस्त करायला त्याने एकट्यानेच सगळं पुन्हा केलं. त्यात दाखल्याशी जुळावी लागणारी मशीनची गुप्त किल्ली नवी तयार झाली आणि दाखला जुन्याच किल्लीचा राहिला; मशीनचं काम बंदच पडलं. आता लाल पानही उघडेना. पुण्याहून सर्वेशलाही मशीन सापडेना.

त्या रात्री कावेरी काळा टॅब मांडीवर घेऊन बसून राहिली. विश्रामने तिला जेवायला दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही.

शनिवारी सर्वेश आला, पोरीला घेऊनच. इशिता घरापुढच्या खळ्यात धपकन बसली, उठली, आणि आजीच्या साडीला धरून चालू लागली. कावेरीला टॅबची आठवणही राहिली नाही.

सर्वेश मशीनपुढे बसला. "आता दहा वर्सांचोच दाखलो करतंय. मगे ह्येच्यासाठी येवची गरजच नाय."

कावेरी नातीला भरवता भरवता थांबली. "दहा वर्सां?"

"हां. मुदत आपणच घालूची."

"मगे कमी दिसांचो होवचो नाय काय रे?"

सर्वेशने मान वर केली. विश्राम खाकरला, आणि कचेरीतल्या मराठीत म्हणाला, "अर्जदाराच्या मागणीचा विचार व्हावा."

सर्वेशने टाकलेला आकडा पुसला. "बरा. चतुर्थीपर्यंतचो करू?"

"चतुर्थीक तू येतलंसच," कावेरी नातीला उचलून घेत म्हणाली. "तेच्या आधीचो कर."