म्हसोबाचं सूतक

रामनवमी तीन दिवसांवर आलेली. भर दुपारी दोन वाजता अद्वैतने देवळाच्या आवारातल्या नळाखाली बसून सदऱ्यासकट, धोतरासकट अंघोळ केली, आणि नेमका त्याच वेळी त्याचा चुलतभाऊ चिन्मय पताकांचं गाठोडं घेऊन आवारात शिरला. पुजाऱ्याच्या घरातला माणूस अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घेतो ते एकाच कारणाने, कुणीतरी गेल्याची खबर आल्यावर. चिन्मयने पताका तिथेच टाकल्या.

"कोण गेलं रे?"

 अद्वैत ओल्या कपड्यांनी तसाच बसून राहिला. आपण अंघोळ का केली, हे त्यालाही आत्ताच कळत होतं. मोबाइलवर खबर वाचली, डोकं सुन्न झालं, आणि बाकीचं हातापायांनी परस्पर उरकलं. पिढ्यान्‌पिढ्यांचे हातपाय होते ते, मालकाला विचारत बसले नाहीत.

"तू बोलून नाही राहिला, म्हणजे जवळचंच कोणी असंल," चिन्मय म्हणाला आणि खिशातून फोन काढत बाहेर पळाला. जाताना गाभाऱ्याची किल्ली मात्र तो विसरला नाही.

हिंगोलीतल्या त्या राममंदिराची व्यवस्था मोठी मजेची होती. रोजची पूजा बारा महिने अद्वैतच करायचा, कारण भावकीतल्या बाकीच्या सहा घरांना नोकऱ्या होत्या. रामनवमीचा मान मात्र सातही घरांत फिरता. नोकरी असो नसो, मान कुणी सोडत नव्हतं. म्हणजे रोज राबणाऱ्याला रामजन्माच्या पाळण्याची दोरी ओढायला सात वर्षांतून एकदा मिळायची. मागच्या खेपेला अद्वैतचे वडील होते आणि त्याच्या हातात फक्त घंटा होती. पुढे वडील गेले. यंदाची दोरी त्याची एकट्याची, पहिलीच. या दिवसाची वाट बघत त्याने सात वर्षं काढली होती.

आणि त्याच्या आयुष्यात दुसरी गोष्ट होती ती गेमची. दुपारी साडेबाराला देवाला निजवलं की चारपर्यंत देऊळ बंद. मग देव गाभाऱ्यात आणि अद्वैत भांड्यांच्या खोलीत, समयांच्या शेजारी सतरंजी टाकून, मोबाइलवर. शेकडो माणसं आपापल्या गावात बसून एकाच जगात हिंडतात, टोळ्या करतात, राक्षस मारतात, अशा जातीचा तो गेम. अद्वैत तिथे वैद्य होता. मागे उभं राहून जखमी सोबत्यांना बरं करायचं आणि पडलेल्याला उठवायचं. राक्षसाच्या पुढ्यात ढाल धरून जो मार खायचा, तो म्हसोबा.

सहा वर्षं हे चाललं होतं. दोघांनी कधी माईक लावला नाही. अद्वैतला घरच्यांपासून लपवायचं होतं, म्हसोबाचं काय ते म्हसोबाला ठाऊक. सगळे लिहितात म्हणून दोघंही इंग्रजी अक्षरांत हिंदी लिहायचे, आणि अद्वैत आपली मतं फक्त त्यालाच सांगायचा. मतं पुष्कळ होती. नव्या गेममध्ये फोन आपला आपणच खेळतो आणि माणूस नुसता बघत बसतो, मग माणूस हवाच कशाला? लुटीची वाटणी झाली की राम राम न करता निघून जाणारे लोक टोळीत घेऊ नयेत. वैद्याचं नाव कोणी घेत नाही, पण तो एक दिवस आला नाही की सगळे मरतात, आणि तरीही शिव्या त्यालाच. आणि सगळ्यांत मोठं मत असं, की मेलेला माणूस तीन सेकंदांत उठून उभा राहतो हा या गेममधला मूळचा दोष आहे, त्यामुळे मरण स्वस्त होतं. म्हसोबा प्रत्येक मतावर एकच शब्द लिहायचा. "बराबर." एवढं ऐकून घेणारं दुसरं माणूस अद्वैतला हिंगोलीत मिळालं नव्हतं.

आठवडाभर म्हसोबा आला नव्हता. त्या दुपारी टोळीच्या ग्रुपवर त्याच्या नंबरावरून हिंदीत मेसेज आला. "मी त्यांची मुलगी. पप्पा वारले, आज सातवा दिवस. हार्ट अटॅक."

चार वाजेपर्यंत भावकीत हाहाकार उडाला होता. अद्वैतला सूतक म्हणजे सातही घरांना सूतक, कारण रक्त एक, गोत्र एक. पण गेलं कोण, हे कोणालाच माहीत नव्हतं. सात घरचे देव्हारे झाकले. गच्चीवरच्या कुरडया अर्ध्या वाळलेल्या खाली आल्या. चिन्मयच्या बहिणीचा, गुंजनचा, साखरपुडा रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी होता. लाडू वळायला बसलेल्या बायका हात धुऊन उठल्या आणि गुंजन खोलीचं दार लावून रडायला बसली. चिन्मयच्या वडिलांनी तर मिशीच उतरवून टाकली. न्हावी समोर रिकामा बसलेला दिसला, एवढंच कारण.

कोणीतरी अंदाज केला, परभणीच्या रूपाआत्या असतील. एक्याण्णव वर्षांच्या, कधीच्या अंथरुणाला खिळलेल्या. फोन लावला तर तो आत्यांनीच उचलला.

"आज हा चौथा फोन," त्या म्हणाल्या. "काहून रे, एवढी घाई काहून झाली तुमाला?"

देवळापुढे भक्त खोळंबले होते आणि दार उघडायला शुद्ध हात एकही उरला नव्हता. शेवटी भावकीतले वडीलधारे व्यंकटराव काठी टेकत आले. वय अठ्ठ्याहत्तर, आणि सोवळ्याओवळ्याचा शब्द त्यांचा शेवटचा. सुतकात देवळात पाय ठेवता येत नाही म्हणून रस्त्यापलीकडच्या निंबाखाली सगळी भावकी उभी राहिली. मध्ये अद्वैत. त्याची बायको अनुश्री थोडी दूर, तोंडाला पदर लावून.

"अद्वैता, आता बास," व्यंकटराव म्हणाले. "कोण गेलं?"

अद्वैतने एकदा सगळ्यांकडे पाहिलं. "म्हसोबा."

"देव कसा जाईल, गाढवा?"

मग सगळं सांगावंच लागलं. गेम, टोळी, राक्षस, ढाल, वैद्य. सांगताना आपलंच बोलणं त्याला परकं वाटत होतं. भांड्यांच्या खोलीचा उल्लेख आला तेव्हा अनुश्रीने कपाळावर हात मारला. चिन्मयच्या वडिलांचा हात पुन्हा पुन्हा ओठांवर जात होता, आणि तिथे काही नव्हतं.

"त्याचं खरं नाव काय?" व्यंकटरावांनी विचारलं.

"माहीत नाही."

"गाव?"

"माहीत नाही."

"गोत्र तरी?"

"काका, गेममध्ये गोत्र नसतं."

"मग तो करायचा काय तुझ्यासाठी?"

"माझ्यापुढं उभा राह्यचा," अद्वैत म्हणाला. "मी मागं."

"आणि तो मेला की?"

"मी उठवायचो."

"मग आता उठव की," चिन्मय म्हणाला. दोघंतिघं हसले. अद्वैतने मान खाली घातली. दुपारपासून त्याच्या मनात तेच चाललं होतं, आणि ते असं चारचौघांत थट्टेवारी निघावं याची त्याला लाज वाटली.

व्यंकटरावांनी काठी आपटली. "हे बघ. परक्याचं सूतक भावकीला लागत नाही, ते आमाला नाहीच. राहिला तू. तू त्याला आपला माणूस मानत असशील तर तुला एकट्याला लागतं, दहाव्यापर्यंत. आज सातवा, म्हणजे दहावा बराबर रामनवमीला. मान गेला तुझा, चिन्मय दोरी ओढील. आणि मानत नसशील, तर झाल्या अंघोळीनं सगळं फिटलं. रामाच्या देवळाकडं तोंड करून सांग, तो माझा कोणी नव्हता. बस."

समोर देऊळ होतं. बंद दार, आणि दारावर अर्ध्याच लागलेल्या पताका. अद्वैतला सात वर्षं आठवली आणि वडिलांचा दोरी धरलेला हात आठवला.

"तो माझा कोणी नव्हता," तो म्हणाला.

भावकी मोकळी झाली. कुरडया पुन्हा गच्चीवर गेल्या, गुंजनने दार उघडलं, लाडू वळले गेले. फक्त मिशी काही परत आली नाही. अद्वैतने त्या संध्याकाळी आरती केली, पण आरतीतली कडवी मागेपुढे झाली. पुढचे दोन दिवस दुपारी तो समयांशेजारी नुसताच पडून राहिला. बोलायला मत एकही सुचत नव्हतं.

रामनवमीला साडेअकरालाच देऊळ खचाखच भरलं. पाळणा सजला होता. अद्वैत सोवळं नेसून गाभाऱ्यात, हाताशी रेशमी दोरी. फोन अनुश्रीकडे ठेवलेला. तो वाजला, तिने घेतला, आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलला. गर्दीतून वाट काढत ती गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आली.

"अहो, त्या म्हसोबांची पोरगी. रडून राहिली. दहावा आहे, आणि कावळा शिवेना म्हणते."

अद्वैतचे हात थांबले. अनुश्रीने फोनचा आवाज मोठा केला आणि शिवाशिव नको म्हणून हात लांब करून धरला.

"काका, मी प्रियंका," पलीकडून आवाज आला. "सकाळपासून बसलो आमी. शेताचं म्हणलं, माझ्या लग्नाचं म्हणलं, आईला सांभाळतो म्हणलं. कावळा झाडावरच बसून राहिला, खाली येईनाच. ग्रुपवर इचारलं, तर सगळे म्हणले वैद्यबुवांना इचारा. तुमच्यासंगं काही राह्यलं होतं काय पप्पाचं?"

"कुठून बोलतेस तू, बाळ?"

"सिद्धेश्वरहून. धरणाच्या खालतीच शेत हाय आमचं."

सिद्धेश्वर. मोटारसायकलवर तासाभराची वाट. सहा वर्षं दोघं एकमेकांशी हिंदी लिहीत बसले होते! अद्वैतला हसू आलं आणि ते अर्ध्यावर मोडलं.

"बर्फाच्या किल्ल्यातला राक्षस राहिला होता," तो म्हणाला. "बावीस वेळा हरलो आम्ही. त्यांना सांग, तो मी मारतो."

"काका म्हणतात, राक्षस मारतो!" पोरगी तिकडे मोठ्याने ओरडली. सगळं देऊळ कान देऊन होतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "न्हाई आला."

"सांग, त्यांची जागा मी टोळीत दुसऱ्याला देणार नाही."

तीही आरोळी तिकडे गेली. कावळा ढिम्म.

"अद्वैत, बारा वाजून राहिले," चिन्मय कुजबुजला. "आटप की!"

"काका," प्रियंका म्हणाली, "गुरुजी इचारून राहिले, तुमी पप्पाचे कोण?"

अद्वैतने मूर्तीकडे पाहिलं. तीन दिवसांपूर्वी याच देवळाकडे तोंड करून तो बोलला होता. वडिलांनी ओढलेली ती दोरी आता त्याच्या हाताशी होती, आणि ती धरण्याची हिंमत त्याच्यात उरली नव्हती.

"माझा माणूस होता तो," तो म्हणाला. आवाज फुटला तरी थांबला नाही. "मी त्या दिवशी सगळ्यांसमोर नाही म्हणालो. खोटं बोललो. मानासाठी बोललो. त्यांना सांग, वैद्याचं चुकलं."

प्रियंकाने हे ओरडून सांगितलं नाही. पलीकडे ती हळू आवाजात काहीतरी बोलली. मग एकदम गलका झाला, कोणीतरी "हाड, हाड" करत धावलं.

"आला काय कावळा?" इकडून दहा जणांनी एकदम विचारलं.

"न्हाई!" पोरगी रडत होती की हसत होती, कळेना. "पप्पाची बकरी आली दावं तोडून. समदा पिंड खाल्ला तिनं! गुरुजी म्हणतात, बकरी चालत न्हाई."

 देवळात सगळ्यांच्या माना व्यंकटरावांकडे वळल्या. ते काठी टेकत पुढे आले आणि त्यांनी फोन हातात घेतला.

"पोरी, बकरी पाळली कोणी?"

"पप्पानं. त्याईच्याच हातानं खायची. धा दिवस झाले, पाल्याला तोंड न्हाई लावलं तिनं."

"मग चालते. तुझ्या गुरुजीला म्हणावं, हिंगोलीच्या व्यंकटरावानं सांगितलं. कावळ्याहून जवळची आहे ती." त्यांनी फोन अनुश्रीच्या हातात दिला आणि गाभाऱ्याकडे वळले. "आणि तू बाहेर ये."

"काका, पाच मिनिटं राहिलीत..."

"रामासमोर तूच बोललास ना आत्ता? संध्याकाळपर्यंत सूतक आहे तुला. ये."

अद्वैत बाहेर आला. गर्दीने त्याला वाट दिली, अंग चोरून. चिन्मयने धावत जाऊन नळाखाली डोकं घातलं, ओल्या सोवळ्याने गाभारा गाठला आणि बाराच्या ठोक्याला दोरी ओढली. घंटा सुरू झाल्या, गुलाल उडाला, बायकांनी पाळणा गायला घेतला. अद्वैत रस्त्यापलीकडे निंबाखाली उभा होता. डोळे भरले होते आणि पुसायला सदरा अंगात नव्हता. पुढची दोरी सात वर्षांनी. अनुश्रीने त्याच्या पायाशी फोन ठेवला होता, तो अजून चालूच होता. त्याने तो उचलला.

"काका," प्रियंका म्हणाली, "तिकडं कसला गलका हाय?"

"राम जन्मला."

"मंग तुमी आत न्हाई काय?"

"नाही," अद्वैत म्हणाला. "मला सूतक आहे."