साळींदरशेटचं फिनेल

बाळांनो, सांगा पाहू, विश्वास कोणावर ठेवावा? जो मोठ्यानं बोलतो त्याच्यावर, की जो डोळ्यांना दिसतही नाही त्याच्यावर? मी मोठ्यानं बोलणाऱ्यावर ठेवला. तो बोलणारा मीच होतो.

एका जंगलात माझं, म्हणजे या साळींदराचं, शिंगं रंगवायचं दुकान होतं. शाळेत गेलो नव्हतो, पण रंगातलं सगळं कळायचं. तांबड्या रंगात शिसं घातलं की शिंग वर्षभर चमकतं. हरणं, गवे, नीलगाई दारात रांग लावून उभ्या. डबे धुतलेलं पाणी मी मागच्या उतारावर ओतायचो. उतार कोणाचा, हे विचारायला सवड कोणाला होती?

तो भामी सशिणीचा होता. तिथं तिची रताळी होती. एक दिवस ती दुकानात आली.

"शेटजी, माझी चारही पिल्लं पोट धरून पडलीत."

"दुसरं काही खायला घाल."

"दुसरं काय घालू? रंग तर तुमचा खातातच आहेत."

मला शरम वाटली. थोडीशी. मी गांडूळ मास्तरांना बोलावलं. ते गाडग्यातून ओली माती घेऊन आले.

"यात जिवाणू आहेत," मास्तर म्हणाले. "ते शिसं नाहीसं करत नाहीत. मातीतच असं बांधून ठेवतात, की मुळांना ओढता येत नाही. तुम्ही ओतणं बंद करा, यांना काकवीचं पाणी घाला आणि दोन हंगाम गप्प बसा."

ओतणं बंद केलं. काकवी घातली. गप्प बसणं तेवढं जमलं नाही.

भामी पलीकडच्या टेकडीवरून पाला आणून पिल्लांना जगवत होती. दुसरा हंगाम संपत आला आणि निरोप आला, सिंहमहाराज पाहणीला येणार. उताराला काकवीचा आंबूस वास. गिऱ्हाईक यायच्या आधी दुकानदाराला काय सुचणार? मी अख्खा उतार फिनेलनं धुऊन काढला.

महाराजांनी हुंगलं. "वा, शेट. अगदी स्वच्छ."

"स्वच्छच," मास्तर म्हणाले. "एकही जिवंत नाही."

भामी पुन्हा पाला आणायला टेकडीकडे निघाली. ते जास्त लागलं.

वाफ्याचा एक कोपरा मात्र वाचला होता, कारण तिथं ती मला फिरकूच देत नसे. तिथली मूठभर माती घेऊन मास्तरांनी पुन्हा सुरुवात केली. आणखी दोन हंगाम गेले. मग एक रताळं उकरलं, मास्तरांनी तपासलं, पिल्लांनी खाल्लं. तिघं उड्या मारत सुटली. चौथ्याचा मागचा पाय अजून लटपटतो.

दरबारात 'भूमिशुद्धीचे जनक' म्हणून शाल मिळाली. मला. मी ती अत्यंत नम्रपणे घेतली.

बाहेर भामी उभी होती. मी म्हटलं, "भामाबाई, आता तुमच्यासाठी मी काय करू?"

"काही करू नका, शेटजी. तेवढं मात्र नक्की करा."

तात्पर्य: जमीन साफ केल्याचा मान हवा असेल, तर आधी ती स्वतः नासवावी. जिवाणूंच्या खांद्यावर शाल टिकत नाही. तुम्ही मात्र, बाळांनो, हिशेब खरा ठेवा. ओतलं कोणी आणि बांधून ठेवलं कोणी, हे एकाच नावावर मांडू नका. मी सांगितलं तरी नाही.