हरणांच्या मोसमातलं दार

वेंडेल हाउगेनने शनिवारी सकाळी दाराचं खोकं फाडलं, तेव्हा दुपारच्या जेवणाआधी काम उरकेल अशी त्याची खात्री होती. दार चौकटीसकट तयार आलं होतं, बिजागऱ्यासुद्धा लावलेल्या. दुकानातला माणूस म्हणाला होता, "यात काही नाही हो. भिंतीतल्या जागेत उभं करायचं आणि खिळे ठोकायचे. माझ्या बायकोने पाऊण तासात बसवलं." त्या न पाहिलेल्या बाईला वेंडेलने पुढच्या दीड दिवसात जेवढे शिव्याशाप दिले, तेवढे उभ्या जन्मात कुणाला दिले नव्हते.

खरं तर हे काम सुताराचं. मागच्या खोलीच्या भिंतीत दारापुरती जागाही त्यानेच फोडून दिली होती. पण नोव्हेंबर लागला, हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला आणि उत्तर मिनेसोटातले झाडून सगळे सुतार, प्लंबर, वायरमन केशरी जाकिटं चढवून रानात पसार झाले. या दिवसांत नळ फुटला तर खाली बादली लावायची आणि देवाचं नाव घ्यायचं. "थँक्सगिव्हिंगचा सण झाला की येतोच," असं सांगून सुतार जो गेला तो गेलाच. वेंडेलला बंदुकीचा आवाज सोसत नसे, म्हणून तो घरी होता आणि सापडला.

थांबायला मात्र वेळ नव्हता. त्याच्या बायकोची, डार्लाची आई आर्डिसबाई खुबा मोडून सात आठवडे शुश्रूषा केंद्रात पडून होत्या. वय एक्क्याऐंशी. एकटीने राहणं आता शक्य नव्हतं, आणि वृद्धाश्रमातली जागा हवी की नको हे सोमवारी कळवायचं होतं. "आई, आमच्याकडे ये," असं डार्लाने दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा आर्डिसबाई म्हणाल्या, "नको गं, तुम्हाला कशाला त्रास?" आता या भागात पहिले दोन नकार कुणी मोजत नाही. ते म्हणायचेच असतात. खरं उत्तर तिसऱ्यांदा येतं, पण मग ते काळ्या दगडावरची रेघ.

"रविवारी चर्चनंतर आईला खोली दाखवायची आणि तिथेच तिसऱ्यांदा विचारायचं," डार्लाने बजावलं. "तिने एकच गोष्ट मागितलीय. स्वतःला लावून घेता येईल असं दार. दार नसेल तर ती नाही म्हणणार, वेंडेल. आणि ती नाही म्हणाली ना, तर मी तुला..."

वाक्य तिथेच राहिलं. तीस वर्षांच्या संसारात डार्लाची अपुरी वाक्यं वेंडेलला पुरी समजत असत.

त्यातून तो वजनमापे खात्यात निरीक्षक. पेट्रोल पंपाने घोटभर कमी दिलं तरी सील ठोकणारा. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांचे तराजू तपासणाऱ्याला एक चौकट सरळ उभी करता येऊ नये? हा प्रश्न त्याने स्वतःलाच विचारला, आणि संध्याकाळपर्यंत त्याचं उत्तर त्याला मिळालं.

सुरुवातीलाच चौकटीला तिरपी मारलेली एक फळकुटी त्याला दिसली. 'ही कशाला?' म्हणून त्याने ती उपटून फेकली. ती कशाला होती हे लगेच कळलं, कारण चौकटीने पाय फाकले आणि दार बिजागऱ्यांवरून लोंबायला लागलं. फळकुटी परत लावायला गेला, तर ती मधोमध मोडली होती. मग फाकलेल्या चौकटीला मिठी मारून तो ती भिंतीतल्या जागेपर्यंत घेऊन गेला. तिथे ती अर्धा इंच उंच भरली. त्याने तीनदा मोजलं, खात्याच्या शिस्तीने, आणि दोन्ही पाय अर्धा अर्धा इंच कापले. कापून झाल्यावर समजलं की जमीनच एका बाजूला उतरती आहे. उजवा पाय छान टेकला. डावा हवेत.

"डार्ला, हे घर वाकडं आहे!" तो ओरडला.

"बावीस वर्षं सरळ होतं," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत पाचरी ठोकायच्या असतात. त्या दोन्ही बाजूंनी, समोरासमोर ठोकायच्या, असं माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर लिहिलं होतं. वेंडेलने पुढचं पान वाचलं होतं. त्याने सगळ्या पाचरी एकाच बाजूने ठोकल्या, आणि एकेका घावासरशी चौकट पिळलेल्या टॉवेलसारखी वळत गेली. तेवढ्यात शेजारचे नॉरव्हल बक्के दारात येऊन उभे राहिले. चाळीस वर्षं सुतारकी केलेला माणूस, आता निवृत्त.

"दार बसवतोयस वाटतं," नॉरव्हल म्हणाले.

"हो, बसवतोय."

नॉरव्हलनी मान तिरकी केली, मग आणखी तिरकी, चौकटीला समांतर होईपर्यंत. "वेगळंच आहे हं," ते म्हणाले.

याहून जहाल शब्द नॉरव्हलनी आयुष्यात उच्चारला नव्हता. पलीकडच्या गल्लीतलं कोठार जळून खाक झालं, तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते. वेंडेलचे कान तापले.

"हात लावू का जरा?" नॉरव्हलनी विचारलं.

वेंडेलला वाटलं, धावत जाऊन यांच्या गळ्यात पडावं. तोंडातून निघालं ते असं : "छे छे, जमतंय की! तुम्ही कशाला तसदी घेता?"

"तसदी कसली? गुडघ्यामुळे यंदा शिकारीलाही गेलो नाही. रिकामाच आहे."

"नको, नको. खरंच नको."

दोन झाले. 'बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर,' हे वाक्य वेंडेलच्या जिभेवर येऊन बसलं. नॉरव्हलनी तिसऱ्यांदा विचारायला श्वास घेतला, तोंडही उघडलं, आणि त्यांच्या खिशातला फोन वाजला.

"हिने लेफ्साच्या, बटाट्याच्या पोळ्या करायला घेतल्यात, गरम आहेत तोवर ये म्हणते. निघतो मी." आणि लंगडत लंगडत ते निघून गेले. पुढचा पाऊण तास वेंडेल हातोडी घेऊन खिडकीत उभा होता. नॉरव्हल काही परतले नाहीत. स्वतः जाऊन बोलावणं म्हणजे अब्रूच जायची.

मग काय, त्याने एकट्याने झुंज दिली. आधी दार आपोआप उघडायला लागलं. पाचरी बदलल्या, तर आपोआप मिटायला लागलं. मिटतानाच वर घासायला लागलं. वर पॉलिशपेपर मारला, तर खाली अडायला लागलं. एकदा तर त्याने पाहिलं की दार अगदी मधोमध, आपलं आपण, स्थिर उभं आहे. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मग कळलं की ते गालिच्यात रुतलंय. शेवटी हताश होऊन जिथे होतं तिथेच त्याने धडाधड खिळे मारले, पट्ट्या लावून फटी बुजवल्या आणि सगळ्याला पांढरा रंग फासला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"फक्त पूर्ण लावायचं नाही," त्याने डार्लाला सांगितलं. "रंग ओला आहे, आणि... एकूणच लावायचं नाही. उघडं छान दिसतं."

"लावायचं नाही असं दार?" डार्लाने त्याच्याकडे पाहिलं. "वेंडेल, आईला लावून घ्यायचंय!"

"उद्याचा दिवस जाऊ दे गं!" वेंडेल रडकुंडीला आला होता.

रविवारी आर्डिसबाई काठी टेकत आल्या. खोली पाहिली, खिडकीतून गोठत आलेलं तळं पाहिलं, पलंगावर बसून पाहिलं. डार्लाने घसा खाकरला, पण तेवढ्यात म्हातारीची नजर दाराकडे गेली.

"लागतं का हे?"

"लागतं की," वेंडेल घाईघाईने म्हणाला. "पण आई, रंग ओला आहे. आज नुसतं बघा. उघडंच बघा."

"उघडं दार काय बघायचं? तुम्ही दोघं व्हा बघू बाहेर."

त्यांनी काठीने दार ढकललं. ते मध्ये अडलं, तशी आतून पाठ लावली. धाडकन आवाज झाला, अख्खी भिंत हादरली आणि दार मिटलं. वेंडेलने मूठ फिरवून ढकललं. ढिम्म. खांदा लावला. ढिम्म.

"जोर नको लावूस!" डार्ला किंचाळली. "आत पडलं तर आईच्या अंगावर पडेल! नवीन खुबा आहे तिचा!"

"मग बिजागऱ्यांच्या कांड्या काढून दार सुटं करू."

"काढ ना!"

"त्या आतल्या बाजूला आहेत."

खिडकीतून जावं म्हणून दोघं घराला वळसा घालून गेले, तर आतून पडदा ओढलेला आणि बाहेरून थंडीची दुहेरी काच स्क्रूने घट्ट बसवलेली. तीही वेंडेलनेच बसवली होती, आणि तेवढी मात्र सरळ आणि पक्की होती. परत येऊन डार्लाने दाराला कान लावला. "आई, बरी आहेस ना?"

"हो हो. माझी नको काळजी करू."

"म्हणजे घाबरलीय ती," डार्ला कुजबुजली. पाच मिनिटांनी तिने पुन्हा विचारलं. "अगं, मजेत आहे मी," आतून आवाज आला. डार्लाचा चेहरा पांढरा पडला. दहा मिनिटांनी तिने तिसऱ्यांदा विचारलं, आणि आतून काहीच उत्तर आलं नाही. हाका मारल्या, दार बडवलं. शुकशुकाट.

वेंडेलने फोन उचलला आणि जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. "नॉरव्हल, या. मला मदत हवीय."

पलीकडून नॉरव्हलचा कापरा आवाज आला : "अरे देवा. कोण गेलं?"

पाच मिनिटांत ते विजेची करवत घेऊन हजर झाले. डार्ला जमिनीवर बसून, दाराला कपाळ टेकवून रडत होती. "आई, आमच्याकडे राहायला ये गं! येशील ना?"

"हे आत्ता विचारतेस?" वेंडेलने डोकं धरलं. तिसरी वेळ होती ती, आणि ती अशी वाया गेली. आता उत्तर यायचं ते नकाराचंच. उद्या सोमवार, मग आश्रम, आणि उरलेलं आयुष्य डार्ला त्या दाराकडे नुसती बघत राहणार. आपलं चुकलं, साफ चुकलं, असं त्याच्या मनाने शंभरदा म्हटलं.

नॉरव्हलनी करवत चालू करून चौकटीला टेकवली, तोच आतून काठीची ठक ऐकू आली. मग एक कर्र, मग आणखी एक ठक. आणि दार अलगद, लोण्यातून सुरी जावी तसं उघडलं. आर्डिसबाई केस नीट बसवत उभ्या होत्या.

"कॉफी ठेवलीय की नाही कुणी?"

"आई!" डार्लाने त्यांना मिठी मारली. "अगं, उत्तर का देत नव्हतीस?"

"कानातलं मशीन काढून ठेवलं होतं, आत्ता लावलं. जरा पडले होते."

"पण उघडलंत कसं?" वेंडेलने विचारलं.

"ते होय? ते तर तुम्ही दोघं खिडकीकडे गेलात तेव्हाच जमलं. मग परत लावून घेतलं."

आर्डिसबाई थोड्या लाजल्या, पण मग बोलल्याच. "सात आठवडे झाले. नर्स येते, डॉक्टर येतो, पाद्री येतो, फरशी पुसणारा येतो. टकटक करतात आणि 'या' म्हणायच्या आत आत येतात. मी कपड्यांत असो की नसो. आज तीन धडधाकट माणसं दाराशी झटत होती आणि एकालाही आत येता आलं नाही. इतकी छान झोप मला सप्टेंबरपासून लागली नव्हती."

"आई, मी मघाशी तुला विचारलं..."

"मला काही ऐकू आलं नाही. पण शनिवारी माझं सामान आणा."

डार्ला पुन्हा रडायला लागली, आता वेगळ्या कारणाने. नॉरव्हल खाली वाकून चौकट न्याहाळत होते. "वीस मिनिटांचं काम आहे, वेंडेल. करून देऊ का सरळ?"

"हो!" वेंडेल पहिल्याच विचारण्याला ओरडला. "हो, द्या, आत्ताच द्या!"

"खबरदार," आर्डिसबाई म्हणाल्या आणि काठी आडवी धरली. "माझ्या दाराला कुणी हात लावायचा नाही."

डिसेंबरात तळं पक्कं गोठलं. बर्फाला भोक पाडून मासे धरायचे वेंडेलचे सगळे गळ, दोऱ्या आणि स्टूल त्या खोलीच्या कपाटात होतं. आर्डिसबाई पत्ते खेळायला बाहेर गेल्या की तो गुडघ्यांवर बसून दाराला इकडून तिकडून ढकलून बघायचा. त्या जाताना दार लावून जायच्या, आणि ते काही त्याला उघडायचं नाही. शेवटी एका सकाळी त्याने त्या घरात असताना हळूच टकटक केलं.

"आई, गळ हवे होते."

आतून आवाज आला : "आत्ता नको. गुरुवारी ये."

वेंडेलने स्वतः बसवलेल्या दाराला एकदा हात लावून पाहिला, आणि गुरुवारी किती वाजता यायचं ते विचारलं.