एक शब्द, एक अर्थ, एक मिशी

मानवतला महांतेशनं इंग्रजीचा क्लास काढला, त्या दिवशी त्याचे वडील, किराणावाले ईश्वरअप्पा, शेवटच्या बाकावर येऊन बसले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आज पोरं भरली तर तुझा क्लास. न्हाई भरली तर उद्यापासून दुकानात तागडी धरायची. नाटकं बंद!"

महांतेशला त्या तागडीचा भयंकर तिटकारा. कॉलेजसुद्धा त्यानं तिच्यापासून सुटायलाच केलं होतं. समोर पालक जमले होते. बायको त्रिवेणीनं सगळ्यांना चहा दिला. महांतेशनं मिशीवर ताव मारला आणि फळ्यावर लिहिलं, 'फ्लाय म्हणजे उडणे'.

"आपली पद्धत साधी. एक शब्द, एक अर्थ! फ्लायचा दुसरा अर्थ कुणी दाखवला तर ही मिशी भादरून टाकीन!"

आता कशाला बोलावं माणसानं असं? आपल्या परभणीकडं मिशीची पैज म्हटली की झोपलेला माणूससुद्धा उठून बसतो. लोकांनी चहाचे कप खाली ठेवले.

आधी उठल्या कोंडाबाई. त्यांचा कापूस होता आणि पोरीला, दिपालीला, इथं घालायचं होतं. "सर, फवारणीचं औषध आणाया गेलं की दुकानदार व्हाईट फ्लाय म्हणतो. कपाशीवरली पांढरी माशी ती. मंग फ्लाय म्हंजे माशी झाली का न्हाई?"

"माशी काय करती, काकू?"

"उडती की."

"मंग? अर्थ तोच!"

कोंडाबाई तोंड वाकडं करून बसल्या. लगेच सिद्धोधन टेलर उभा राहिला. "सर, पँटीला म्होरं चेनीची पट्टी असती, तिला फ्लाय म्हणतेत. ती कुठं उडायलीय?"

बायका पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. महांतेश गडबडला, पण माघार घेईल तर शपथ! "ती उघडी ऱ्हायली तर काय होतं? इज्जत उडती. उडणेच!"

"अरे वा रे वा!" गिरणीवाले दत्तराव उसळले. "माझ्या इंजिनाचं मोठं चाक, फ्लायव्हील, हलवाया चार गडी लागतेत. ते उडतंय व्हय?"

"नट ढिला करा, इंजिन चालू करा आन् समोर उभं ऱ्हा. मंग सांगा उडतंय का न्हाई!"

अख्खी खोली खदखदून हसली. महांतेशच्या अंगात वारं शिरलं. "हाय का अजून कुणी? या! बिलकुल सोडणार न्हाई!"

कुणीच उठेना. मग कोंडाबाईच पुन्हा उठल्या, दिपालीचा हात धरून.

"जिंकले तुमी, सर. पर उद्या माझ्या पोरीनं पेपरात माशी लिवलं तर तुमी चूक देणार, आन् वरून तिच्याशीच हुज्जत घालणार. लेकरानं तोंड उघडायचं कवा? चल गं दिपाली."

त्यांच्यामागं टेलर उठला, टेलरमागं दत्तराव. बघता बघता खोली रिकामी झाली. चहा मात्र सगळ्यांनी संपवला होता. शेवटी ईश्वरअप्पा गुडघ्यावर हात टेकत उठले. "सकाळी लवकर ये. साखरेची पोती उतरवायचीत," एवढंच बोलून ते गेले.

त्रिवेणी कप गोळा करत होती.

"जाऊ दे समदे!" महांतेश गरजला. "मी हरलो का? सांग, हरलो का मी?"

"छे! तुमाला कोण हरवणार?"

"मंग? क्लास चालू ऱ्हाणार! एक जण असला तरी शिकवीन!"

त्रिवेणीनं कप बाजूला ठेवले आणि पहिल्या बाकावर गुमान हाताची घडी घालून बसली. "शिकवा."

महांतेशनं फळा खसाखसा पुसला आणि खडू मोडेल इतक्या जोरात दुसरा शब्द लिहिला. "रन म्हंजे पळणे! समजलं?"

त्रिवेणीनं मागं वळून रिकाम्या बाकांकडं एकदा बघून घेतलं.

"लय चांगलं समजलं, सर."