टाके घातलेली ताटं

"साबूत ताट काय, कुणीही जमवील! मला लागतं ते फुटलेलं आणि सांधलेलं!"

शरच्चंद्र मास्तर हे वाक्य मुरुडात भेटेल त्याला ऐकवत. शाळेत चित्रकला शिकवायची, वाडीतले नारळ उतरवून घ्यायचे आणि जुनी चिनी मातीची ताटं जमवायची, हा त्यांचा संसार. नवाबी जाऊन दहाएक वर्षं झाली होती, पण कधीकाळी गलबतांवरून आलेली निळ्या नक्षीची ताटं घराघरांतून अजून निघत. मास्तरांना मात्र नुसतं जुनं चालत नसे. ताट कधीतरी फुटलेलं हवं आणि कुणीतरी तांब्याचे टाके घालून त्याचे तुकडे जोडलेले हवेत.

"फुटल्यावर फेकून न देता टाके घातले! म्हणजे केवढा जीव असेल त्या ताटावर!" हे सांगताना त्यांचा आवाज खरोखर कापरा होई.

"मग माझी डाग दिलेली कळशी मोडीत का काढलीत?" प्रमोदिनीबाई विचारत.

यावर मास्तर ओटीवर जाऊन बसत.

सांधलेलं ताट आणणाऱ्याला मास्तर वाडीतले नारळ देत. साबूत ताट आणणाऱ्याला हात जोडत. "सुंदर आहे हो, पण माझ्या कामाचं नाही!" माणसं ताट घेऊन कोळीवाड्यात परत जात आणि विचार करत बसत.

मग एकाएकी सांधलेल्या ताटांचं पीक आलं! कोंडाजी कोळी होड्या दुरुस्त करायचा. फळ्यांना ठोकायचे तांब्याचे खिळे त्याच्याकडे ढीगभर पडलेले. त्याने आणलेलं पहिलंच ताट मास्तरांनी उन्हात धरलं आणि ते ओरडले, "अरे, टाके चकाकतायत! जुन्या तांब्यावर हिरवट पुट चढतं. भेगेत काळा मळ असतो!"

"असं व्हय!" कोंडाजी म्हणाला, आणि नीट ऐकून घरी गेला.

पुढच्या खेपेला टाके हिरवेगार, भेग काळीकुट्ट. ताटाला सुक्या मासळीचा वास मात्र असा सुटला होता की शेजारची मांजरं ओटीवर येऊन बसली.

"समुद्रावरून आलेलं ताट! वास यायचाच!" मास्तर खूष. कोंडाजीने ताट मासळीच्या खारवणाच्या पिंपात बुडवून ठेवलं असेल, अशी शंकासुद्धा त्यांच्या मनाला शिवली नाही.

ताटांनी भिंत भरत गेली, तसा घरातला नारळ आटत गेला. "मुरुडात राहून आमटीला शेंगदाण्याचं कूट लावते मी!" प्रमोदिनीबाई कडाडल्या. "माहेरी कळलं तर परत घेऊन जातील मला!"

पण मास्तरांचं दुःख वेगळंच होतं. कोंडाजीच्या घरात, त्याची बायको बायजा हिच्या चुलीमागच्या फळीवर एक भलंमोठं ताट होतं. मधोमध निळे मासे, काठाला लाटा, आणि साधा ओरखडा नाही! मास्तरांचा त्या ताटावर जीव जडला. पण मागायचं कुठल्या तोंडाने? साबूत ताट आपण घेत नाही हे गावभर सांगून बसलेले! मग काहीतरी निमित्त काढून ते बायजाकडे जात, कोरा चहा घेत, फळीकडे बघत आणि सुस्कारा सोडत.

शेवटी एका रविवारी त्यांनी ठरवलं. मान गेला खड्ड्यात! सरळ जायचं, स्वतःचे कान धरायचे आणि ते ताट मागून आणायचं. कोट चढवून ते ओटीवर आले, तर समोर बायजाच उभी. हातात पदराखाली झाकलेलं काहीतरी मोठं.

"मास्तर, न्या," ती म्हणाली. "ह्यांच्या आज्यानं दर्यावरनं आनलेलं हाय."

तिने पदर बाजूला केला. निळे मासे मधोमध दुभंगले होते! एकेका माशाच्या पोटावर दोन-दोन टाके. हिरवेगार.

"हे... हे फुटलं कधी?" मास्तरांनी टाक्यांवरून बोट फिरवलं.

"फुटतंय कशाला! वरवंट्यानं फोडलं मी. लई पक्कं व्हतं, दोनदा हानावं लागलं!" बायजा अभिमानाने म्हणाली. "तुमी रोज बघायचाव आनि उसासं टाकायचाव. मला समाजलं. मास्तरांचं मन हाय, पन साबूत त्यांना चालत न्हाय. माझी लेक गोदू आज वाचते-लिवते ती तुमी शालेत घातली म्हनून. तुमच्यासाठी येक ताट फोडायला काय व्हतंय?"

मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. बायजाला वाटलं, आनंदानेच. तिला खरं सांगायची त्यांची हिंमत होईना, आणि एवढ्या मायेने फोडलेलं ताट नाकारायचीही होईना. दारात उभ्या प्रमोदिनीबाईंना मात्र सगळं उमगलं. लग्नानंतर प्रथमच त्यांनी टोमणा गिळला.

"बस गं बायजा," त्या हळूच म्हणाल्या. "चहा टाकते."

"ताट फार... फार सुंदर आहे," मास्तर कसेबसे म्हणाले.

"आवडलं न्हवं?" बायजा ऐसपैस मांडी घालून बसली. "मंग सांगते. ह्याच्या जोडीचं दुसरं पेटीत हाय! ह्यांना सांगूनच आलेय, मी येईपातुर त्येबी फोडून ठेवा म्हनून."

चहाचं आधण उकळायच्या आत मास्तर अनवाणी कोळीवाड्याकडे पळत सुटले होते, आणि "कोंडाजी, साबूतच दे रे बाबा, साबूत!" ही त्यांची हाक सगळं मुरुड दारात येऊन ऐकत होतं.